जादा बैलांचं घर

माझ्या मैत्रिणीच्या घराचं संग्रहालय झालं, त्या दिवशी मी कार्यक्रमाला गेले नाही. डोकं दुखतंय असं नवऱ्याला सांगितलं आणि आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या चादरीमागं उभी राहून सगळा कार्यक्रम पाहिला. अंगणात मांडव होता. सरपंच होते, तहसील कचेरीतले कोणी साहेब होते, कॉलेजची मुलं होती. ती मधोमध खुर्चीवर बसली होती, गळ्यात हार, अंगावर हिरवी इरकली साडी. खुर्चीवर बसायची तिला सवय नाही, म्हणून सारखी पुढं सरकत होती. फीत कापायला साहेब उठले तेव्हा त्यांनी कात्री तिच्या हातात दिली. तिनं ती कापली आणि टाळ्या वाजल्या. मी चादर सारखी केली आणि आत आले.

नवरा कार्यक्रमाहून आला तो पेढा घेऊन. "तुझ्यासाठी दिलाय तिनं," म्हणाला. मी तो डब्यात ठेवला. दोन दिवसांनी त्याला मुंग्या लागल्या.

आमचं गाव खालापूरहून खोपोलीकडं जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, बोरघाटाच्या पायथ्याशी आहे. आता वर एक्स्प्रेस वेवरून गाड्यांची घरघर सतत ऐकू येते, पण पूर्वी घाट बैलगाड्यांनी चढायचा. कोकणातून मीठ, भात, सुकी मासळी घेऊन आलेल्या गाड्या आमच्या गावात थांबायच्या. गाडीच्या स्वतःच्या बैलांना तो चढ झेपायचा नाही. मग आमच्या गावातून एक जादा जोडी घ्यायची, ती पुढं जुंपायची, घाटमाथ्यावर सोडायची आणि आमचा माणूस बैल हाकत परत खाली यायचा. हा धंदा करणारी गावात दोन घरं होती. एक आमचं, मोठं. आमच्या दावणीला बैलांच्या कितीतरी जोड्या असायच्या असं वडील सांगत. दुसरं घर शेजारचं, तिचं. तिचे पणजोबा मुळात आमच्याकडेच गडी होते. पुढं त्यांनी शेजारी घर बांधलं आणि स्वतःच्या दोन जोड्या केल्या.

माझ्या लहानपणी हे सगळं संपलेलं होतं. लॉऱ्या आल्या तेव्हाच संपलं. पण दोन्ही घरांचे गोठे होते, बैलांना पाणी प्यायचा दगडी डोण होता, आणि आमच्याकडं शेतीसाठी एक जोडी शिल्लक होती. गावात आमच्या घराला मान होता. तिच्या घराला नव्हता. ती माझे जुने फ्रॉक घालायची. मी ते तिला स्वतःच्या हातानं नेऊन द्यायचे आणि मला फार बरं वाटायचं. मी दयाळू आहे असं मी तेव्हा समजत होते.

एकच गोष्ट मला सलायची. मला बैलांची भीती वाटायची. शिंग हललं की मी पडवीत पळायचे. ती मात्र बैलाच्या पोटाखालून इकडून तिकडं जायची. वडील शेतावरून आले की मला हाक मारत नसत, कुंपणापलीकडं तिला हाक मारत. "ये गं, धर जरा कासरा." ती धावत यायची. वडील कौतुकानं म्हणायचे, "ही पोर बैलातली आहे." ते ऐकलं की मी आत जाऊन आईला सांगायचे की तिच्या डोक्यात उवा आहेत, तिला घरात घेऊ नकोस.

तिनं सातवीत शाळा सोडली. मी शिकले, खोपोलीला एका कारखान्याच्या ऑफिसात लागले, लग्न करून खोपोलीतच राहिले. तिचं लग्न वांगणीकडं झालं, पण तिशीतच नवरा गेला आणि ती आईकडं परत आली. मागच्या वाडीत भाजी लावायची आणि पाटी घेऊन खोपोलीच्या बाजारात बसायची. ऑफिस सुटल्यावर मी कधीकधी तिच्याकडून भाजी घ्यायचे. ती दोन जुड्या जास्त घालायची. मी सोबतच्या बायकांना सांगायचे, "गावची आहे आमच्या, बिचारी."

मग आमच्या घराचा प्रश्न आला. वडील थकले होते, भाऊ पुण्याला होता. एका बिल्डरनं जागा मागितली. वडिलांची इच्छा नव्हती. भावापेक्षा मीच जास्त मागं लागले, हे आज कबूल करायला हवं. "कोण राहणार आता त्या घरात? कौलं शाकारायची कोणी? शेण सारवायचं कोणी?" मी वडिलांना म्हटलं. ते म्हणाले, "तुम्ही ठरवलंच आहे ना, मग मला विचारता कशाला?"

घर पाडायच्या आधी आम्ही सामान काढलं. तांब्याचं मोठं घंगाळ, पितळी हंडे, बैलांच्या घुंगुरमाळा बोहारणीला आणि भंगारवाल्याला दिल्या. पोटमाळ्यावर एक जू होतं, जादा जोडीचं. चांगलं माणसापेक्षा लांब, काळं पडलेलं, दोन्ही बाजूंना बैलांच्या खांद्यांनी गुळगुळीत झालेलं. ते कोणी घेईना. ती कुंपणाशी उभी होती.

"ह्ये जू मी न्हेऊ का गं?"

"ने की," मी म्हटलं, "चुलीत घाल. महिनाभर पुरेल."

ती हसली नाही. तिनं आणि तिच्या आईनं दोन्ही टोकं धरून ते नेलं.

आमच्या जागेवर तीन मजली इमारत झाली. आम्हाला त्यात दोन फ्लॅट मिळाले. भावानं त्याचा विकला. वडील वर्षभरात गेले. मी निवृत्त झाल्यावर खोपोलीची खोली सोडून माझ्या फ्लॅटमध्ये राहायला आले. टाइल्सची फरशी, चोवीस तास पाणी, लिफ्ट. गॅलरीतून खाली तिचं घर दिसायचं. कौलं सरकलेली, कुडाच्या भिंतीला एका बाजूला टेकू दिलेला. तिची आईही तोवर गेली होती. सकाळी चहा पिताना मी वरून तिला अंगण झाडताना बघायचे आणि मनात म्हणायचे, बरं झालं आपण वेळेवर निर्णय घेतला.

एक दिवस मुंबईच्या वास्तुकलेच्या कॉलेजमधल्या एक प्राध्यापक बाई विद्यार्थ्यांना घेऊन गावात आल्या. घाटाच्या जुन्या वाटेचा त्या अभ्यास करत होत्या. गावात कोणीतरी त्यांना सांगितलं की जादा बैल देणारं मोठं घर आमचं. म्हणून त्या आधी माझ्याकडं आल्या. सोफ्यावर बसल्या, सरबत प्यायल्या.

"त्या घरातलं काही आहे का तुमच्याकडं? एखादी वस्तू, फोटो?"

"नाही हो," मी म्हटलं, "सगळं काढून टाकलं."

त्या गॅलरीत गेल्या. खाली बघितलं आणि म्हणाल्या, "आणि ते घर कोणाचं?"

त्या क्षणापासून सगळं सुरू झालं. त्या खाली गेल्या त्या संध्याकाळपर्यंत परत आल्या नाहीत. पुढच्या दोन वर्षांत मी वरून सगळं बघत होते. मुलं येऊन मापं घेत होती. गावातल्या लोकांची समिती झाली, एक निवृत्त गुरुजी तिचे अध्यक्ष. जुन्या पद्धतीची कौलं शोधून आणली. कूड नव्यानं विणला, गोठा साफ केला, दगडी डोण घासून काढला. ती मागच्या दोन खोल्यांत राहायची आणि पुढचं घर संग्रहालय. गरिबीमुळं तिला ते घर पाडता आलं नव्हतं, एवढंच खरं होतं. आणि आता लोक म्हणत होते, "बाईंनी काय जपलंय!"

हे वाक्य मी पहिल्यांदा दूधवाल्याच्या तोंडून ऐकलं आणि दुधाची पिशवी त्याच्या हातातून जरा ओढूनच घेतली.

मग माणसं येऊ लागली. शनिवार-रविवारी नेरळ-कर्जतकडचे सहलीचे लोक, पुण्याच्या गाड्या, शाळांच्या बस. तिचा आवाज वरपर्यंत यायचा. ती मोठ्यानं, मोकळं बोलायची, मधेच थांबायची आणि मग सगळे हसायचे. ती काय बोलली ते मला ऐकू यायचं नाही, हसणं तेवढं यायचं. मी त्या बाजूची खिडकी बंद करू लागले. नवरा म्हणाला, "गरमी होतेय, उघड की. किंवा सरळ खाली जाऊन ऐक."

"मला काय नवीन आहे त्यात?" मी म्हटलं.

वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. डोणाच्या काठावर बसलेली, हातात वेसण. बातमीच्या मथळ्यात तिला 'घाटवाटेची राखणदार' म्हटलं होतं. माझ्या पुण्याच्या वहिनीनं फोन करून विचारलं, "ही तुमच्या शेजारची ना? किती छान!" मी म्हटलं, "छान कसलं, चार जुनी भांडी मांडलीत." फोन ठेवल्यावर मी तो फोटो परत काढून बघितला. वाईट दिसावी म्हणून नीट बघितला. ती वाईट दिसत नव्हती.

शेवटी दिवाळीत भाऊ आणि त्याची मुलं आली आणि मुलांनी हट्ट धरला म्हणून मला जावंच लागलं. आत इतरही पंधरा-वीस माणसं होती. तिनं मला बघितलं, तिचा चेहरा फुलला. "या, या. ही माजी लहानपनापासनंची मैत्रीन," तिनं सगळ्यांना सांगितलं. मी हसल्यासारखं केलं. आणि तेवढ्यात मला भिंतीवरचं जू दिसलं.

तेच. तिनं चुलीत घातलं नव्हतं. तेल लावून, दोन मोठ्या खिळ्यांवर आडवं टांगलं होतं. खाली आमचं घंगाळ. शेजारी आमचे हंडे आणि घुंगुरमाळा. ते सगळं तिच्या आईनं बोहारणीकडून आणि भंगारवाल्याकडून विकत घेतलं होतं, हे मला मागाहून कळलं. खाली छापील पाटी होती, 'घाटातील जादा जोडीचे जू.' एवढंच. कोणाचं, कुठल्या घरचं, काही नाही.

ती त्या जुवाखाली उभी राहून गोष्ट सांगत होती. ती गोष्ट मला पाठ होती. एक मिठाची गाडी घाट चढत होती. गाडीवानाची बायको गरोदर होती, आणि तिसऱ्या वळणावर तिला कळा सुरू झाल्या. गाडी तिथं थांबवणं म्हणजे मागं घसरणं. चाकामागं दगड लावले तरी भार सगळा पुढच्या बैलांवर. तेव्हा जादा जोडीबरोबरच्या माणसानं दोन बैलांच्या मधे उभं राहून, जुवाला खांदा लावून, त्यांच्याशी बोलत बोलत त्यांना जागेवर उभं ठेवलं. मूल रडल्याचा आवाज येईपर्यंत बैलांनी पाय उचलला नाही. ही आमच्या घरची गोष्ट. वडील ती सांगायचे. तो माणूस म्हणजे माझे पणजोबा.

आणि ती सांगत होती, "माज्या पणजोबानं खांदा लावला."

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. वीस माणसांसमोर मी बोलले, "खोटं आहे ते. ते बैल आमचे होते. हे जू आमचं आहे. गोष्टही आमची आहे."

भाऊ दाराकडं बघू लागला. ती माझ्याकडं वळली. तिला राग आला नव्हता, आला असता तर बरं झालं असतं.

"खरं बोलत्ये ती," ती लोकांना म्हणाली. "बैल यांचेच. जू बी यांचंच. मी सांगायला पायजे होतं, राहून गेलं." मग माझ्याकडं बघून, हळू आवाजात, "पन मानूस आमचा होता गं. तुजे पणजोबा घाट चढलेच नाय कदी. दमा होता ना त्यांना."

मी मुलांना घेऊन बाहेर पडले. घरी आल्यावर भावाला म्हटलं, "बघितलंस? काय वाटेल ते बोलते."

भाऊ चपला काढत होता. म्हणाला, "दमा होता खरा. बाबा नाही का सांगायचे, ते ओटीवर उशांना टेकून बसून सगळा कारभार बघायचे म्हणून?"

होय, सांगायचे. दोन्ही गोष्टी मी त्याच ओटीवर, वडिलांच्याच तोंडून ऐकल्या होत्या. उशांना टेकून बसलेले पणजोबा आणि घाटात जुवाला खांदा लावलेले पणजोबा. साठ वर्षांत मला कधी त्या दोन माणसांचा मेळ घालावासा वाटला नव्हता.

शहाण्या माणसानं इथं थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. गोष्ट गेली ती गेली, पण वस्तू तर आमच्या होत्या ना? चार दिवसांनी मी समितीकडं लेखी अर्ज दिला. संग्रहालयातल्या अमुक अमुक वस्तू आमच्या घराण्याच्या असून त्या आमच्या परवानगीशिवाय मांडल्या आहेत, वगैरे. ऑफिसात आयुष्यभर असली पत्रं टाइप केली होती, त्यामुळं पत्र छान झालं.

गुरुजी घरी आले. चहा घेतला. "ताई, अर्ज मागं घ्या. गावात बरं दिसत नाही."

"बरं दिसण्याचा प्रश्न नाही, हक्काचा आहे," मी म्हटलं.

"तुम्हीच दिलं होतं म्हणे ते जू."

"सरपणाला दिलं होतं. भिंतीवर टांगायला नाही."

गुरुजींनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं, की शाळेत असते तर बाकावर उभी राहिले असते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या इमारतीच्या फाटकाशी टेंपो उभा राहिला. मागं जू, घंगाळ, हंडे, घुंगुरमाळा. ड्रायव्हरशेजारून ती उतरली. शेजारच्या घरातून पंचवीस पावलांवर यायला तिला टेंपो लागला, कारण जू एकटीला उचलवत नव्हतं.

"तुजं तुला," ती म्हणाली. भांडत नव्हती. बाजारात पाटी उतरवताना बोलायची तसंच बोलली. "कागद कशाला दिलास गं? हाक मारायचीस वरनं."

ती गेली.

भांडी वर आली. जू लिफ्टमध्ये मावेना. उभं केलं तर छताला लागायचं, आडवं दारात अडकायचं. वॉचमन आणि टेंपोवाल्यानं जिन्यातून न्यायचा प्रयत्न केला, पहिल्याच वळणावर भिंतीचा रंग खरवडला. नवरा वर उभा राहून म्हणाला, "आणि वर आणून ठेवणार कुठं? पलंगावर?" शेवटी ते खाली पार्किंगमध्ये, जनरेटरच्या बाजूला भिंतीला टेकवून ठेवलं.

आठवड्याभरात मुलं त्यावरून घसरगुंडी खेळू लागली. कोणीतरी त्यावर ओली फडकी वाळत टाकली. मग सोसायटीच्या फलकावर सूचना लागली. 'पार्किंगमध्ये कोणीही लाकूडफाटा ठेवू नये.' मी ती तीनदा वाचली. लाकूडफाटा. त्यांना काय बोलणार? मीच त्याला सरपण म्हटलं होतं.

रविवार आला. शाळेची बस आली. मला वाटलं होतं, आता मोकळ्या भिंतीसमोर ती काय दाखवणार? मी मुद्दाम खिडकी उघडली आणि उभी राहिले. ती मुलांना घेऊन डोणाजवळ अंगणात आली, म्हणजे मला सगळं दिसत होतं. तिनं दोन मुलांना बैल केलं, बाजूबाजूला उभं केलं. एकीला गाडीवानाची बायको केलं, ती लाजून तोंड लपवायला लागली. स्वतः त्या दोन मुलांच्या मधे वाकली, दोघांच्या मानेवर हात टाकले, आणि उजवा खांदा पुढं लावला. हवेत. तिथं काहीही नव्हतं, आणि मला जू दिसलं. बैल झालेला एक मुलगा हसत होता, तो हळूहळू हसायचा थांबला. ती त्याच्या कानाशी काहीतरी बोलत होती, बैलाशी बोलतात तसं. मग कोणीतरी बाळाच्या रडण्याचा आवाज काढला आणि सगळी मुलं ओरडून नाचायला लागली.

मी खिडकीचे गज धरून उभी होते. फार जळले मी त्या वेळी. घरावरून नाही, फोटोवरून नाही, भांड्यांवरूनही नाही. जू खाली पार्किंगमध्ये आणि भांडी माझ्या घरात पडलेली होती, आणि तिला त्यांची गरज नव्हती. वडील हाक कोणाला मारायचे आणि का, ते मला त्या खिडकीत उभं राहून कळलं. कळलं म्हणून बरं वाटलं असं मात्र नाही.

संध्याकाळी मी नवऱ्याला आणि वॉचमनला बोलावलं. दोघांनी जू उचललं, मी पुढं चालले. ती मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसली होती. आम्हाला बघून उठली नाही.

"कुठं ठेवायचं?" मी विचारलं.

"व्हतं तितं. खिळे हायत."

खिळे खरंच भिंतीत तसेच होते. "काढले नाहीस?" मी विचारलं. तिनं वाट बघितली असेल असं मला वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं.

"शिडी कोन चढणार?" ती म्हणाली. "माजे गुडघे दुकतात."

जू जागेवर बसलं. नवरा आणि वॉचमन गेले. मी उभीच होते. भांडी उद्या पाठवते म्हटलं. तिनं मान हलवली. मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "पाटी तू लिव. त्या मॅडमनी छापून आनल्या तवा मी काय सांगितलंच नाय. तुजं अक्षर चांगलं हाय."

मी घरी येऊन लिहायला बसले. पहिल्या पाटीवर आमच्या घराण्याचं नाव मोठ्या अक्षरात आलं आणि बाकी काहीच नाही. ती फाडली. दुसऱ्या पाटीवर तिच्या पणजोबांबद्दल लिहिलं, पण 'गडी' हा शब्द आला. तीही फाडली. तिच्या पणजोबांचं पूर्ण नाव मला ठाऊकच नव्हतं. आमच्या घरात त्यांना सगळे एकेरी, अर्ध्या नावानं हाक मारायचे. मी परत खाली गेले आणि तिला विचारलं. तिनं सांगितलं, वडिलांच्या नावासकट. ते लिहिताना माझं मन मोठं झालं वगैरे काही झालं नाही. राग येत होता. पण अक्षर चांगलं आलं. बैल कोणाच्या घरचे आणि खांदा कोणाचा, दोन्ही एका पाटीवर आलं. अर्जही मी मागं घेतला. गुरुजींनी तो कागद माझ्या हातात न देता फाडून टाकला.

यालाही आता बरेच महिने झाले. तिची भाची शेलूला नव्या इमारतीत राहायला आली आहे. तिला दिवस गेले आहेत, त्यामुळं ही अधूनमधून दोन-दोन दिवस तिकडं जाते. पहिल्यांदा जाताना किल्ली घेऊन माझ्या दारात आली. "तू उगडशील का गं? तुलाच सगळं ठावं हाय." मी हो म्हटलं. मी त्या दिवशी चांगली साडी नेसले, हे नवऱ्यानं बघितलं.

पुण्याचं एक कुटुंब आलं. मी त्यांना सगळं सांगितलं. व्यवस्थित, क्रमानं, एकही चूक न करता. बैलांच्या खुरांना लोखंडी पत्री कशी मारत, पाणी कुठून येई, घाटाची वळणं कशी होती. गोष्टही सांगितली, खरी, जशी घडली तशी. मोबाइलवर फोटो काढत त्यांनी ऐकली. निघताना त्यातल्या आजी मला म्हणाल्या, "मागच्या खेपेला दुसऱ्या बाई होत्या. त्या नाहीत का आज?"

"नाहीत," मी म्हटलं, "उद्या येतील."

"मग उद्या परत येऊ," त्या मुलाला म्हणाल्या. "मुक्काम आहेच आपला."

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी हे तिला सांगणार नव्हते. पण सांगितलं, बहुतेक चिडून सांगितलं. ती पिशवीतून शेलूहून आणलेला कढीपत्ता काढत होती. आधी हसली, मग तिनं मला विचारलं, "गोष्ट सांगताना तू कुटं उबी व्हतीस?"

"पाटीजवळ."

"म्हंजे जुवाला पाट करून," ती म्हणाली. "चल, ये हिकडं. आता मी पाव्हनी. मला सांग."

ती बाकावर बसली, पदर नीट केला आणि खरोखरच परगावाहून आल्यासारखं तोंड केलं. मी जुवाकडं तोंड करून सुरुवात केली. तिसऱ्याच वाक्याला तिनं मला थांबवलं आणि म्हणाली, असं नाय.